मीठ, मिरी आणि मार्झिपान : ल्यूबेकचे जुने बंदर आणि नाताळबाजार

डिसेंबरात उत्तर जर्मनीत दुपारी चारलाच दिवेलागण होते. हॅम्बुर्गहून निघालेली गाडी पाऊण तासात ल्यूबेकच्या स्थानकात शिरते, तेव्हा घड्याळात साडेतीन वाजलेले असले तरी आकाश आपल्याकडच्या श्रावणातल्या कातरवेळेसारखे झालेले असते. स्थानकाबाहेर पडलेली बहुतेक मंडळी एकाच दिशेने चालू लागतात. थोड्याच वेळात होल्स्टेनटोर हा दोन जाडजूड बुरुजांचा विटांचा दरवाजा लागतो. तेथे छायाचित्रे काढली जातात, पूल ओलांडला जातो आणि भाजलेल्या साखरबदामांच्या वासाच्या रोखाने पावले चढावरच्या बाजारचौकाकडे वळतात. ल्यूबेकचा नाताळबाजार पाहायला आलेल्यांचा हा ठरलेला मार्ग.

माझी विनंती एवढीच, की पुलावर पाऊल ठेवण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून उजवीकडे पाहावे. पाण्याला लागून सहा उंच, निमुळत्या, तांबूस विटांच्या इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. त्या मिठाच्या वखारी होत. १५७९ ते १७४५ या काळात त्या एकेक करून बांधल्या गेल्या. वर बाजारात जे खायचे, प्यायचे आणि हुंगायचे आहे, त्याचा उगम या धक्क्यावर आहे. बंदर आधी पाहिले तर बाजार कळतो. बाजार आधी पाहिला, तर तो युरोपातल्या इतर शंभर नाताळबाजारांसारखाच एक वाटण्याचा धोका असतो.

ल्यूबेकचे जुने शहर म्हणजे एक लांबट बेट आहे. एका अंगाने ट्रावे नदी आणि दुसऱ्या अंगाने वाकेनिट्झचे पाणी व विसाव्या शतकाच्या आरंभी खुला झालेला कालवा, असा त्याला वेढा आहे. समुद्र येथून दिसत नाही. ट्रावे सुमारे वीस किलोमीटर वळणे घेत ट्रावेम्युंडे येथे बाल्टिकला मिळते. समुद्रापासून इतक्या आत असणे हेच या बंदराचे बळ होते, कारण वादळ आणि चाचे या दोघांपासूनही ते दूर होते. ११४३ मध्ये येथे वसाहत झाली, ११५९ मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हेन्री ‘द लायन’ याने ती नव्याने वसवली आणि १२२६ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तिला स्वतंत्र साम्राज्यनगरीचा दर्जा दिला. म्हणजे या गावावर कोणा सरदाराचे राज्य नव्हते. व्यापाऱ्यांची नगरसभा हीच येथली सत्ता. हा दर्जा ७११ वर्षे टिकला आणि १९३७ मध्ये नाझी राजवटीत संपुष्टात आला.

व्यापारी नगरांच्या ज्या हान्झा संघाचे ल्यूबेक हे मुख्य ठाणे होते, त्याला राजा नव्हता, कायमची फौज नव्हती, लिखित घटनाही नव्हती. तरीही लंडन, ब्रुज, बर्गेन आणि नोव्हगोरोद येथे त्याच्या वखारी होत्या आणि राजांनाही त्याच्याशी वाटाघाटी कराव्या लागत. पूर्वेकडून मेण, फर आणि कातडी यायची, पश्चिमेकडून तलम कापड आणि मद्य. मात्र ल्यूबेकच्या श्रीमंतीचा पाया रचला तो दोन अगदी साध्या वस्तूंनी : मीठ आणि मासा.

दक्षिणेला ल्युनेबुर्ग येथे जमिनीखाली खाऱ्या पाण्याचे झरे होते. ते पाणी आटवून शुभ्र मीठ काढले जाई. हे मिठागर १९८० पर्यंत चालू होते, हे ऐकून आश्चर्य वाटते. आधी हे मीठ बैलगाड्या-घोडागाड्यांतून ल्यूबेकला येई. १३९८ मध्ये स्टेकनिट्झ कालवा तयार झाला आणि मिठाचे सपाट तराफे पाण्यावरून सरकू लागले. दुसरीकडे, आज स्वीडनमध्ये असलेल्या आणि तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यातील स्कोने किनाऱ्यावर दर वर्षी उन्हाळा सरता सरता हेरिंग माशांचे प्रचंड थवे येत. हेरिंग हा आपल्या तारली-पेडव्यांचा नातलग. चवदार, तेलकट आणि लवकर खराब होणारा. मासा एका किनाऱ्यावर आणि मीठ दुसऱ्या मुलखात. या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांनी केले. ढोबळमानाने चार-पाच पिंपे हेरिंगला एक पिंप मीठ लागे. खारवलेल्या माशाची पिंपे मग युरोपभर जात. गिऱ्हाइकाची उणीव नव्हती, कारण धर्मसुधारणेपूर्वीच्या ख्रिस्ती युरोपात शुक्रवार, ईस्टरआधीचे चाळीस दिवस आणि नाताळपूर्वीचा काळ धरून वर्षातले कितीतरी दिवस मांस वर्ज्य असे. मासा चालत असे. उपवासाच्या पदार्थांवर श्रीमंत झालेले शहर, असे ल्यूबेकचे वर्णन केले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही.

होल्स्टेनटोर हा दरवाजा याच सुबत्तेच्या काळातला, १४६४ ते १४७८ दरम्यान बांधलेला. पायाखालची जमीन दलदलीची असल्याने तो बांधतानाच खचू लागला आणि आजही त्याचे बुरुज एकमेकांकडे झुकल्यासारखे दिसतात. त्यावर ‘घरात एकोपा, बाहेर शांतता’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत. पन्नास मार्कांच्या जुन्या नोटेवर तो होता, २००६ च्या दोन युरोच्या नाण्यावर तो आहे, मार्झिपानच्या डब्यांवर तर आहेच. याच दरवाजाचे भवितव्य १८६३ मध्ये नगरसभेत मतास टाकले गेले होते. पाडावा की राखावा? तो राहिला तो अवघ्या एका मताच्या फरकाने. त्या दिवशी एखादा सभासद सर्दीने घरी बसला असता, तर आज कशाची छायाचित्रे काढली गेली असती, हा विचार पुलावरून जाताना हमखास मनात येतो.

आता या बंदराचा आणि नाताळचा संबंध कोठे येतो, ते पाहू.

हान्झाच्या जहाजांना हिवाळ्यात सुटी असे. संघाचा दंडकच होता : ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणापासून २२ फेब्रुवारीच्या सेंट पीटरच्या सणापर्यंत जहाजे हाकारायची नाहीत. काही मालाला सवलत असे, पण सर्वसाधारण नियम हा. बर्फ, धुके, वादळे आणि सोळा-सोळा तासांचा काळोख यांत माल आणि माणसे दोन्ही बुडण्याचा संभव मोठा होता. आपल्या कोकणपट्टीला ही रीत समजावून सांगायला नको. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या-गलबते किनाऱ्यावर ओढायची, झापांनी शाकारायची आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा पाण्यात लोटायची, हेच चक्र येथे ऋतू बदलून चाले. डिसेंबरात ल्यूबेकचा धक्का शांत असे. खलाशी घरी परतलेले, वखारी भरलेल्या, वर्षाचा हिशेब मांडला जात असलेला आणि व्यापाऱ्यांच्या हाती वर्षात प्रथमच रिकामा वेळ आलेला. ल्यूबेकमधील नाताळच्या चालीरीती या रिकाम्या वेळात वाढल्या, असे मला वाटते.

संगीताचेच उदाहरण घ्या. बाजारचौकाला लागून असलेल्या सेंट मेरीच्या चर्चमध्ये १६६८ पासून डीट्रिश बुक्स्टेहुडे हा ऑर्गनवादक होता. नाताळपूर्वीच्या पाच रविवारी तेथे सायंसंगीताच्या सभा होत आणि त्यांचा खर्च शहरातले व्यापारी उचलत. १७०५ मध्ये हे संगीत ऐकायला आर्नश्टाटहून वीस वर्षांचा एक तरुण ऑर्गनवादक सुमारे चारशे किलोमीटर पायी चालत आला. त्याने चार आठवड्यांची रजा घेतली होती, परतला तो जवळजवळ चार महिन्यांनी आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. त्याचे नाव योहान सेबास्टियन बाख. बंदर बंद असलेल्या दिवसांत या गावात काय चालत असे, याची कल्पना यावरून यावी.

दुसरे उदाहरण खुद्द सांताक्लॉजचे. लाल झगा आणि पांढरी दाढी हा त्याचा अलीकडचा वेष. मुळात तो सेंट निकोलस, आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथील चौथ्या शतकातला बिशप, आणि ख्रिस्ती परंपरेत खलाशांचा व व्यापाऱ्यांचा कैवारी संत. वादळात सापडलेली जहाजे त्याने तारल्याच्या कथा आहेत. म्हणूनच उत्तर युरोपातल्या बंदरांत त्याच्या नावाची चर्चे जागोजागी आढळतात. ल्यूबेकच्या तांडेलांनी पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावर जो बंधुसंघ स्थापन केला, तोही सेंट निकोलसच्याच नावाने. ५ डिसेंबरच्या रात्री जर्मन मुले दाराशी स्वच्छ पुसलेला बूट ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ सापडतो. या बुटाच्या आधी काय होते, तर कागदाची किंवा अन्य कशाची केलेली छोटी नाव. खलाशांचा संत भेटी आणणार, तर त्या ठेवायला नाव हवी, हे मुलांचे तर्कशास्त्र बिनतोड होते. पुढे धर्मसुधारकांना संतपूजा नको झाली आणि भेटी देण्याचे काम बाळ येशूकडे गेले. तरी ६ डिसेंबरचा निकोलस काही हटला नाही.

ल्यूबेकच्या नाताळबाजाराचा पहिला लेखी उल्लेख १६४८ चा आहे. हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. तीस वर्षे चाललेले युद्ध त्याच वर्षी संपले आणि हान्झा संघ तेव्हा अखेरच्या घटका मोजत होता. संघाची शेवटची सभा १६६९ मध्ये ल्यूबेकमध्येच भरली. म्हणजे ज्या व्यापाराने हे शहर उभे केले त्याला ओहोटी लागलेली असताना या बाजाराचे नाव कागदावर येते.

आजचा बाजार नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, मृतांच्या स्मरणाचा रविवार उलटल्यावर सुरू होतो. त्या रविवारपर्यंत नाताळचे दिवे लावणे तेथे शोभत नाही. नगरभवनाच्या काळपट, चकाकत्या विटांच्या भिंतीसमोर लाकडी खोपट्यांच्या रांगा लागतात, तेथून ब्राइट श्ट्रास या रुंद पेठेने त्या उत्तरेच्या कोबेर्ग चौकापर्यंत पसरतात. ग्ल्यूवाइन म्हणजे मसाले घालून ऊन केलेले लाल मद्य मातीच्या कपात मिळते. कपासाठी अनामत घेतली जाते व कप परत केला की पैसे परत. मद्य न घेणाऱ्यांसाठी त्याच मसाल्यांचा फळांचा गरम रस असतो. तळलेले गोड गोळे, भाजलेले सॉसेज, हिरव्या केल भाजीची वाफाळती थाळी आणि, बंदराचा मान राखण्यासाठी, पावात घातलेला मासा. लोखंडी चुलीभोवती उभ्या लावलेल्या फळ्यांवर सामन मासा धगीवर भाजला जातो, ते दृश्यही पाहण्यासारखे.

या सगळ्या वासांत एक वास आपल्या ओळखीचा निघतो. मधाच्या तपकिरी केकमध्ये, ‘मिरीनट’ अशा अर्थाचे नाव असलेल्या छोट्या गोल बिस्किटांमध्ये आणि त्या ऊन मद्यातही दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ यांचा मसाला असतो. जुन्या जर्मन बोलीत परदेशातून आलेल्या सगळ्याच मसाल्यांना सरसकट ‘मिरी’ म्हणत आणि श्रीमंत व्यापाऱ्याला कुत्सितपणे ‘मिरीचे पोते’. ती मिरी मलबारची होती. मलबारच्या किनाऱ्यावरून अरबांच्या गलबतांतून तांबड्या समुद्रापर्यंत, तेथून अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला, मग आल्प्स ओलांडून किंवा समुद्रमार्गे ब्रुजहून ती उत्तरेत येई. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यावर वाट बदलली, माल तोच राहिला. इतके हात बदलून आलेली वस्तू रोज कोण खाणार? ती सणालाच बाहेर निघे. नाताळचा पदार्थ म्हणजे मसालेदार पदार्थ, ही युरोपीय समजूत या महागाईतून रूढ झाली असावी. ज्या मुलखात मिरी परसातल्या वेलावर लागते, तेथल्या माणसाला त्या बिस्किटाचा हा थाट पाहून किंचित गंमत वाटते.

मार्झिपानची गोष्टही अशीच. वाटलेले बदाम आणि साखर यांचा हा गोळा ल्यूबेकचा म्हणून जगभर ओळखला जातो, पण ल्यूबेकच्या आसपास ना बदाम पिकतो, ना कधी ऊस पिकला. मध्ययुगात ही वस्तू औषधविक्याच्या दुकानात मिळे, कारण साखर हेच तेव्हा औषध होते. १४०७ च्या दुष्काळात धान्य संपले, वखारीत फक्त बदाम उरले, तेव्हा नगरसभेने बदामांचा पाव करायला सांगितला आणि त्यातून मार्झिपान जन्मले, अशी दंतकथा ल्यूबेककर आवडीने सांगतात. अशीच कथा इतर एक-दोन शहरेही सांगतात, त्यामुळे ती ऐकून हसावे आणि सोडून द्यावी. खरे एवढेच, की बदाम बाहेरून आणणारे बंदर जवळ होते आणि साखर स्वस्त झाल्यावर एकोणिसाव्या शतकात हा धंदा बहरला. नगरभवनासमोरचे नीडरएगर हे प्रसिद्ध दुकान १८०६ पासूनचे. वरच्या मजल्यावर मार्झिपानचे छोटे संग्रहालय आहे. ‘ल्यूबेकचे मार्झिपान’ या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे, जसे आपल्याकडे हापूसला भौगोलिक मानांकन आहे. दर्जाचा प्रश्न सारा साखरेच्या प्रमाणाचा : साखर जितकी कमी तितका माल उंची. गोवा, वसई आणि मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळात मार्झिपान असते, ते बहुधा बदामाऐवजी काजूचे. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला काजू आणि त्यांच्याचबरोबर आलेली ही मिठाई यांची सांगड आपल्या किनाऱ्याने घातली. ल्यूबेकने परक्या बदामाचे जे केले, तेच. दोन्ही चाखलेल्या माणसाला हे सख्ख्या नात्यातले वाटतील. मला काजूचे अधिक आवडते, हे मात्र ल्यूबेकमध्ये मोठ्याने म्हणू नये.

बाजाराच्या गर्दीतून बाजूला होऊन सेंट मेरीच्या चर्चमध्ये जरूर शिरावे. साडेअडतीस मीटर उंचीची विटांची कमान डोक्यावर असते आणि बाहेरचा कलकलाट एकदम थांबतो. दक्षिण मनोऱ्याखालच्या दालनात दोन प्रचंड घंटा जमिनीवर तुटून पडलेल्या आहेत. त्या मांडून ठेवलेल्या नाहीत, पडल्या तशाच आहेत. २८ मार्च १९४२ च्या रात्री, पाम संडेच्या आदल्या रात्री, ब्रिटिश विमानांनी ल्यूबेकवर बॉम्ब टाकले. जुन्या शहराचा सुमारे पाचवा भाग जळाला, तीनशेहून अधिक माणसे मेली. मनोरा पेटला, घंटा वितळत खाली कोसळल्या. बुक्स्टेहुडेच्या परंपरेतला मोठा ऑर्गनही त्याच रात्री गेला. चर्च पुन्हा उभारले, घंटा मात्र उचलल्या नाहीत. जर्मनीने इतरांच्या शहरांवर आधी काय केले होते, ते विसरून या घंटांकडे पाहता येत नाही आणि येथला सूरही तक्रारीचा नाही.

ल्यूबेक त्यानंतर पुन्हा असे का जळले नाही, याचे उत्तर पुन्हा बंदराकडेच नेते. हॅम्बुर्गच्या ज्यू बँकर घराण्यातला एरिक वारबुर्ग नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत गेला होता. त्याने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे कार्ल याकोब बुर्कहार्ट यांच्याशी संपर्क साधला आणि १९४४ मध्ये ल्यूबेक हे युद्धकैद्यांसाठी येणाऱ्या मदतीच्या मालाचे बंदर ठरले. त्या धक्क्यावर रेडक्रॉसची जहाजे लागत असल्याने शहर पुढच्या मोठ्या हल्ल्यांतून वाचले. ज्याला आपल्या देशातून परागंदा व्हावे लागले, त्याने या शहरासाठी हे केले. नाताळबाजाराच्या माहितीपत्रकांत ही गोष्ट सहसा सापडत नाही. सापडायला हवी.

युद्ध संपले आणि सीमा आली. दोन जर्मनींची सरहद्द ल्यूबेकच्या वेशीला खेटून गेली. पश्चिम जर्मनीचे सरहद्दीवर थेट वसलेले एवढे मोठे शहर हे एकच. बंदराचा पूर्वेकडचा मुलूख तुटला, व्यापार आटला. नोव्हेंबर १९८९ मध्ये श्लुटुप येथील चौकी उघडली आणि पूर्वेच्या छोट्या मोटारींची रांग शहरात शिरली. चाळीस वर्षे हाकेच्या अंतरावर असूनही न दिसलेला नाताळबाजार विस्मार, रोस्टॉकच्या लोकांना त्या डिसेंबरात मोकळेपणाने पाहता आला.

मात्र तोवर जुने बंदर जुने झाले होते. आजची अजस्र मालवाहू जहाजे आणि स्वीडन-फिनलंडच्या फेरी ट्रावेम्युंडे येथे आणि नदीच्या खालच्या धक्क्यांवर लागतात. शहराच्या पोटातल्या धक्क्यावर, १८९२ च्या फिरत्या पुलाजवळ, म्युझियम बंदर आहे. जुनी शिडाची मालवाहू गलबते तेथे हौशी मंडळींनी जतन करून बांधून ठेवली आहेत. १९८७ मध्ये जुन्या शहराला युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले, २०१५ मध्ये हान्झाचे भव्य संग्रहालय उघडले. समोरच्या काठावरील विसाव्या शतकातल्या साध्या माल-शेड पाडून तेथे नव्या इमारती उभारण्याचा बेत होता. नागरिकांच्या एका गटाने त्या राखण्याचा आग्रह धरला आणि त्या राहिल्या. १८६३ चा तो एका मताचा फरक असा अधूनमधून कामी येतो. गिरण्यांच्या चिमण्या एकेक करून नाहीशा होताना पाहिलेल्या मुंबईकराला याचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

प्रश्न आहे तो बाजाराचा. आता या बंदरात मिठाचे तराफे येत नाहीत, येतात ते प्रवासी. शनिवारी संध्याकाळी नगरभवनासमोर पाय ठेवायला जागा नसते. खोपट्यांतल्या निम्म्या वस्तू, त्याच लोकरी टोप्या, तीच काचेची झुंबरे, हॅम्बुर्गमध्ये किंवा बर्लिनमध्येही मिळतात. १९ डिसेंबर २०१६ रोजी बर्लिनच्या नाताळबाजारात ट्रक घुसवून केलेल्या हल्ल्यानंतर प्रवेशाच्या वाटांवर काँक्रीटचे अडथळे आले, ते डोळ्यांना खुपतात आणि त्यांची गरजही नाकारता येत नाही. म्हणून शक्यतो मधल्या वारी, दुपारीच यावे. उत्तरेच्या टोकाला १२८६ चे ‘पवित्र आत्म्याचे रुग्णालय’ आहे, युरोपातल्या सर्वात जुन्या समाजसंस्थांपैकी एक. त्याच्या लांब दालनात वृद्धांसाठी १८२० मध्ये लाकडी खोल्या पाडल्या, जेमतेम एक खाट मावेल एवढ्या, आणि १९७० पर्यंत माणसे त्यांत राहत होती. नाताळात हातकाम करणाऱ्यांचा बाजार या खोल्यांमधून भरत आला आहे. माझ्या मते ल्यूबेकच्या बाजारातला अस्सल भाग तोच.

तेथून बाहेर पडले की कोबेर्ग चौक. अलीकडच्या वर्षांत येथे दिव्यांनी लखलखणारा मोठा पाळणा लागतो आणि मुलांचा किलबिलाट चालू असतो. चौकाला लागूनच खलाशांचे सेंट याकोबीचे चर्च आहे. त्याच्या एका कोनाड्यात फुटलेली, फळ्या निघालेली एक होडी ठेवली आहे. ‘पामीर’ या शिडाच्या जहाजाची ती जीवरक्षक नाव. सप्टेंबर १९५७ मध्ये अटलांटिकमधील वादळात ‘पामीर’ बुडाले. जहाजावर ८६ जण होते, त्यांतले बरेचसे शिकाऊ खलाशी पोरे. वाचले सहा. बाहेर पाळण्याचे संगीत आणि आत ही होडी, यांत एका भिंतीचे अंतर आहे. समोरच १५३५ मध्ये बांधलेले तांडेलांच्या संघाचे घर आहे, आता तेथे उपाहारगृह आहे आणि छताला जहाजांच्या जुन्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत. पूर्वेकडच्या गल्लीत १६३९ मध्ये बांधलेली फ्युश्टिंगहोफ नावाची वाडी आहे. व्यापारी आणि खलाशी यांच्या विधवांसाठी ती उभारली होती. समुद्रावरून सगळेच परतत नसत, हे या गावाने हिशेबात धरलेले होते. हिवाळ्यात बंदर बंद ठेवण्याच्या नियमाचे मोल त्या वाडीच्या दारात उभे राहिले की उमगते.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. थंडी पाऱ्यावर फार दिसत नाही, शून्य ते पाच अंश, पण ती ओलसर आहे आणि वारा थेट नदीवरून येतो, तेव्हा कानटोपी व जाड तळव्यांचे बूट हवेत. बर्फाची आशा धरू नये, पाऊस मात्र गृहीत धरावा. खोपट्यांवर रोख पैसे सोयीचे पडतात. बाजाराच्या तारखा दर वर्षी थोड्या बदलतात आणि २४ डिसेंबरची संध्याकाळ घरच्यांसाठी असते, त्या सुमारास गाव सामसूम होते. सेंट पीटरच्या चर्चच्या मनोऱ्यावर लिफ्टने पन्नास मीटर वर जाता येते. काळोख पडण्यापूर्वी गेल्यास बेट, दोन्हीकडचे पाणी आणि सात टोकदार मनोरे एका नजरेत येतात, आणि खाली उजळत जाणारा बाजार.

आणि गाडीला वेळ असेल तर परतताना चढावरून सरळ होल्स्टेनटोरकडे न उतरता धक्क्याने जावे. बाल्टिकला भरती-ओहोटी नसल्यासारखीच, पण वादळवारे पाणी आत रेटतात तेव्हा ते या दगडी कडेवर चढते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते असेच रस्त्यावर आले होते. एरवी पाणी काळे आणि निश्चल असते. गलबतांची शिडे गुंडाळून ठेवलेली, डोलकाठ्यांवर कोणी दिव्यांच्या माळा सोडलेल्या. बाजाराचा आवाज येथवर पोहोचत नाही, वासही नाही. मिठाच्या वखारींच्या खिडक्या पाण्यात उलट्या दिसतात आणि दोरखंड अधूनमधून करकरतात.